केसभर मागे

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरातलं. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक, राहणार मेहरूण, जळगाव. नाईक युवराज बैसाणे आमच्या युनिटचा डी.आर., म्हणजे डिस्पॅच रायडर. मोटारसायकलवरून डाक आणि निरोप पोचवणं हे त्याचं काम. गाव दोंडाईच्याजवळ. अख्ख्या युनिटात खानदेशातले आम्ही दोघंच, म्हणजे आमचं पटायला हवं होतं. पण पटायचं नाही, आणि त्याला कारण कार्बोरेटर.

ज्यांनी तो कधी उघडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो. त्याच्या बाजूला एक बारीक एअर स्क्रू असतो. तो आवळला की हवा कमी होते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं. आमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, स्क्रू पूर्ण बंद करा आणि दीड फेरा उघडा. मी दीड म्हणजे दीडच ठेवायचो. माझी पाठ फिरली की युवराज खिशातून नाणं काढायचा आणि इंजिन चालू ठेवून स्क्रू आवळत जायचा. इंजिन आचके द्यायला लागलं की थांबायचा आणि केसभर मागे घ्यायचा. मग ती गाडी रेंगाळत ठोके द्यायची आणि धूर ओकायची. काळे पडलेले प्लग घासायला मी होतोच. मी खूप तोंड टाकायचो. तो हसायचा आणि आमच्या अहिराणीत आपल्याच गाडीची बढाई मारायचा.

"उस्ताद, थंडीमा एक किकमा उठी ती मनीच."

सुट्टीवर गेला की घरच्या जुन्या फटफटीलाही तो हेच करायचा आणि परत आल्यावर मला मुद्दाम सांगायचा.

त्या पहाटे पाऊस आणि कडाक्याची थंडी होती. टेलिफोन लाइन तुटली होती, पुढच्या पोस्टचा वायरलेस सेट बंद पडला होता. पोस्टवरून जवानांची गाडी खाली यायला निघणार होती आणि वाटेतला डोंगर सुटायला लागल्याची खबर आली. गाडी थांबवायला हवी होती. शेडमध्ये तीन मोटारसायकली होत्या. दोन माझ्या हातच्या, दीड फेऱ्याच्या. तिसरी युवराजची. कॅप्टन साहेबांची ऑर्डर एका वाक्याची होती. जी आधी स्टार्ट होईल ती पाठवा.

माझ्या दोन्ही गाड्या किका मारून मारून उठल्या नाहीत. युवराजची पहिल्या किकला उठली. त्यानं माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि निघून गेला. धूर शेडमध्ये तसाच राहिला.

नंतर सेट लागला. मी सिग्नलच्या तंबूत उभा होतो.

"डी.आर. पोचला. गाडी थांबवली आहे. ओव्हर."

"डी.आर.ला तिथेच ठेवा. ओव्हर."

"तो परत निघाला. ओव्हर."

निरोप पोचला की परत येऊन रिपोर्ट करायचं, असं त्याला शिकवलेलं होतं. त्यानं तेच केलं. दुपारी आम्ही त्याला दरडीखालून काढलं. वरच्या पोस्टवरचे सगळे सुखरूप होते.

चूक कोणाचीच नव्हती. एन्क्वायरीत तेच आलं आणि ते खरं आहे. मला मान्य आहे. पण त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही.

पेन्शन घेऊन मेहरूणला आलो तरी तेच. जेवताना उठायचो, पेपर उभ्यानं वाचायचो. बायको म्हणायची, तुमच्या पायाला भिंगरी आहे, तलावाला दहा चकरा मारून या. हाताला चाळा म्हणून मी गल्लीतल्या लोकांचे कार्बोरेटर उघडायला लागलो. आधी बिघडलेले उघडले, मग चांगलेही. शेवटी मी दिसलो की लोक स्कूटर घरात घ्यायला लागले.

अशात युवराजच्या वडिलांचा, आबांचा निरोप आला. फटफटी बंद पडली आहे, येऊन जा. मी हत्यारांची पिशवी घेतली आणि पॅसेंजरनं दोंडाईच्याला निघालो. बसायला जागा होती, तरी सगळा प्रवास दारात उभ्यानं केला. या लोकांना तोंड कसं दाखवायचं, ही धास्ती होती.

ओसरीवर बुद्धांच्या तसबिरीशेजारी युवराजचा युनिफॉर्ममधला फोटो होता. खाली फटफटी, पुसून लख्ख केलेली. मी जयभीम केला. आबांनी हात धरून मला शेजारी बसवलं, पण मी लगेच उठलो. ते सांगत राहिले. युवराज गेल्यापासून ते रोज सकाळी फटफटी चालू करायचे, घटकाभर ऐकायचे आणि बंद करायचे. घरात अक्का, म्हणजे युवराजची आई, तो आवाज ऐकत भाकरी थापायची. महिन्यापूर्वी गाडी उठेना. बाजारातून एक मिस्त्री आणला. त्यानं दिसेल तो स्क्रू फिरवला. गाडी एकदा चालली, पण आवाज भलताच. मग तेही बंद. तेव्हापासून अक्का दोन घासांवर उठते आणि कोणाशी बोलत नाही.

"चालू त कोनीबी करी," आबा म्हणाले. "माले मना पोऱ्याना आवाज पाहिजे."

मी पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटर उतरवला. तळाशी जुन्या पेट्रोलचा तपकिरी चिकटा साचला होता. जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, पार बुजलं होतं. जेटमध्ये तार घालायची नसते, भोक मोठं होतं. पेट्रोलमध्ये भिजवायचं आणि तोंडानं फुंकायचं. दोन-तीनदा फुंकलं, उन्हात धरलं, तेव्हा टाचणीएवढा उजेड दिसला. सगळं पुसून जोडलं. एअर स्क्रू पूर्ण बंद केला आणि दीड फेरा उघडला. हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. एकसारखा, स्वच्छ आवाज, धुराचा पत्ता नाही. इन्स्पेक्शनला उभी केली असती तर शाबासकी मिळाली असती. आबा डोळे मिटून ऐकत होते. घरातून काहीच चाहूल नव्हती.

"चांगला चालस," ते म्हणाले. "पन हाऊ तो नही."

मला राग आला. आबांचा नाही, युवराजचा. मेल्यावरही माझ्या दीड फेऱ्यावर हसतोय असं वाटलं. डोळे भरून आले होते, ते बाहीनं पुसले आणि खिशातून नाणं काढलं.

इंजिन चालू ठेवून मी स्क्रू आवळायला घेतला. आवाज जड झाला. आणखी आवळला. इंजिन आचके द्यायला लागलं. नको, आता बंद पडेल, असं आबा म्हणत होते. मी त्याच जागी थांबलो आणि केसभर मागे घेतला.

एक ठोका पडला. मग जरा थांबून दुसरा. गाडी रेंगाळत चालायला लागली आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघाला. इतकी बिघडलेली गाडी मी नोकरीत कधी पास केली नसती.

आबांनी सीटवर हात ठेवला. आत तवा चुलीवर टेकल्याचा आवाज आला आणि मग भाकरी थापल्याचा. महिनाभरानं अक्काचा आवाज घराबाहेर आला.

"उना का? हात धोई ले म्हना."

मग आला का ते बघायला ती स्वतःच दारात आली, पिठाच्या हातांनी. मला बघून क्षणभर थांबली. धूर तिच्यापर्यंत गेला होता.

"तू बी हात धोई ले, बापू," ती म्हणाली. "जेवाले बस."

मी बसलो. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि ठेचा होता. पूर्ण जेवण होईपर्यंत मी उठलो नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. इतक्या पेट्रोलवर चालवली की प्लग काळा पडणारच, म्हणून दर दोन महिन्यांनी मी दोंडाईच्याला जातो. प्लग घासताना नाईक युवराज बैसाणेला पूर्वीसारख्याच शिव्या घालतो आणि आबा शेजारी बसून हसतात. स्क्रूला मात्र हात लावत नाही.