कपाळावरचा ढ

आमच्या राजुरीच्या शाळेत दिपोटी यायचे होते, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी साहेब. आदल्या दिवशी गुरुजींनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "उद्या येऊ नकोस. पोट दुखतंय म्हणून सांग घरी."

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी चौथीत होते आणि मला वाचता येत नव्हतं. इतर पोरींना पानावर शब्द दिसायचे, मला नुसती अक्षरांची झुंबड. घ म्हणावं तर तो ध निघायचा, भ चा म व्हायचा. पण थोरली बहीण घरी धडा मोठ्यानं वाचायची. एकदा ऐकला की माझा पाठ. वर्गात पुस्तक हातात धरून मी तो म्हणायची. कधी पान भलतंच उघडलेलं असायचं. मग छडी.

आईशी खोटं बोलवेना. म्हणाले, "गुर्जी उद्या येऊ नको म्हनलेत."

"का म्हून? शाळा काय त्येंच्या घरची हाय? जा तू."

दिपोटींनी तोंडी हिशेब विचारले. सगळ्यांच्या आधी माझा हात वर. दिडकीचा पाढा विचारला, घडाघडा म्हटला. ते गुरुजींना म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो." गुरुजी हसले नाहीत. मग साहेबांनी पुस्तक दिलं. मी धडा म्हटला, एक शब्द चुकला नाही. त्यांना शंका आली असावी, कारण पानं उलटून त्यांनी न शिकवलेला धडा पुढे केला. "आता हा."

मी पानाकडे बघत राहिले.

"अरेच्चा! हा तर पोपट!" म्हणून साहेब हसले. साहेब हसल्यावर सगळा वर्ग हसला.

ते गेल्यावर गुरुजींनी टाक दौतीत बुडवला, माझी हनुवटी धरली आणि कपाळावर ढ काढला. "हे अक्षर तरी आता विसरणार नाहीस. पुसायचं नाही. गावातून असंच जायचं."

मी गेले. चावडीवरच्या माणसांनी वाचलं आणि एकमेकांना दाखवलं.

"ह्ये काय काढलंय?" आईनं विचारलं. तिलाही वाचता येत नव्हतं. बहिणीनं सांगितलं. आईनं राखेनं कपाळ इतकं घासलं की कातडी लाल झाली, तरी शाई राहिलीच. दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती मला घेऊन शाळेत गेली.

"गुर्जी, माज्या लेकीच्या कपाळाला हात लावायचा न्हाई."

"मग तिला घरीच ठेवा, बाई. दगडाला मी शिकवू शकत नाही."

"ठिवते," आई म्हणाली.

तिथं माझी शाळा संपली. आईनं माझी लाज राखली आणि त्याच शब्दात माझं शिक्षण गेलं. तिच्यावर मी कधी रागावले नाही. तिला दुसरं काय करता आलं असतं? राग आहे तो टाक धरलेल्या हातावर, आणि तो अजून कमी झालेला नाही.

लग्न होऊन डिंगोऱ्याला आले. एसटीची पाटी वाचता येईना, म्हणून "भाऊ, चष्मा घरी राहिला, ही गाडी कुठली?" असं विचारण्यात जन्म गेला. हे सुद्धा मी बोलते आहे आणि नातीचा फोन लिहून घेतो आहे.

ही नात जुन्नरच्या शाळेत होती. तिचीही अक्षरं जागेवर राहत नसत. एक दिवस तिच्या बाईंनी बोलावलं. मुलगा-सून कामावर, म्हणून मी गेले, भांडायच्या तयारीनं.

बाई म्हणाल्या, "आजी, पोरगी हुशार आहे. हिला डिस्लेक्सिया आहे. अक्षरं ओळखायला तिच्या मेंदूला वेगळी वाट लागते. आपण तिला तसं शिकवू. परीक्षेत वेळही जास्त मिळेल."

"हे कळलं कधी लोकांना?"

"डॉक्टरांना? तुमच्या जन्माच्याही आधी. शाळांपर्यंत यायला मात्र फार वर्षं लागली."

मला वाटलं रडू येईल. आली ती चीड. म्हणजे कुणाला तरी ठाऊक होतं, आणि इकडे आमची कपाळं रंगत होती! लोक म्हणतात, जाऊ द्या, गुरुजींना तरी काय माहीत. नसेल माहीत. पण लहान पोरीची हनुवटी धरून तोंडाला शाई फासू नये, हे कळायला कुठला डॉक्टर लागतो?

दहावीच्या पेपरला मी फाटकाशी उभी होते. बाकीची पोरं बाहेर आली, नात आतच. एका मुलाचे वडील कुरकुरले, "हिलाच का जादा वेळ? आमच्या पोरानं काय पाप केलंय?"

मी म्हणाले, "तुमच्या पोराला अक्षर जागेवर दिसतं, राव. त्यात समाधान माना आणि गप उभे राहा."

ते बाजूला सरकले. मला अजून लई बोलायचं होतं. पण तेवढ्यात नात आली, म्हणाली भूगोल अवघड होता आणि भूक लागली आहे. आम्ही वडापाव खायला गेलो.