तिचा डावा हात

"मी इसरत नाई, बाबूजी," असं म्हणून ती माझ्या काउंटरवर तळहात आपटायची. स्टेपलर उडायचा. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला लांबून येताना पाहिलं की खिडकी बंद करावीशी वाटते.

मी तेव्हा यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात विम्याच्या कार्डांच्या खिडकीवर होतो. ती राळेगावकडच्या बंजारा तांड्यावरची. तिथे सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. तांड्यावर कोणी आजारी पडलं की ती त्याला एसटीत घालून आणायची आणि त्याच्या वतीने रांगेत भांडायची. कोणत्या नर्सला शीर सापडली नव्हती, हे तिला पुढच्या खेपेलाही आठवायचं. "थे नको, बाबूजी. थे टोचू टोचू हात सुजवते."

एकदा विमावाल्यांनी कार्डधारकांच्या मोबाइलवर प्रश्न पाठवले: वर्षभरात घरातलं कोण भरती झालं, कशासाठी? नातीने वाचून दाखवले, याडीने उत्तर दिलं, कोणीच नाही. त्याच सुमारास तिच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि कार्डावर काही शिल्लकच निघेना. कॉम्प्युटर सांगत होता की याडीचा डावा हात मोडला होता, मोठं ऑपरेशन झालं, भरती लांबली, दंडापर्यंत प्लास्टर लागलं.

विमावाले म्हणाले, माणसं विसरतात, नोंद विसरत नाही. मीही म्हणालो, "याडी, वय झालं तुझं. विसरली असशील."

ती नोंद दवाखान्याच्या मालक डॉक्टरच्या सांगण्यावरून मीच टाइप केली होती.

तिने पदर मागे टाकला आणि डावा हात खिडकीतून थेट माझ्या तोंडासमोर आणला. मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बलिया, घट्ट बसलेल्या बांगड्या. लग्नात चढवलेल्या, नवरा असेपर्यंत त्यांच्यात त्या उतरवत नाहीत.

"प्लास्टर का याइच्या वरून लावलं? का माह्या नवऱ्याले कागदावरच मारून टाकलं तुमी?"

रांग हसली. खोटी ऑपरेशनं रचताना डॉक्टर वय पाहायचा, जुने आजार पाहायचा. हा हात निवडताना त्याने तो कधी पाहिलेलाच नव्हता.

चौकशी लागली. डॉक्टर म्हणाला, क्लार्कची नजरचूक, दुसऱ्या बाईची नोंद इकडे पडली. मी मान डोलावली. माझी नोकरी राहिली. कार्ड मोकळं झालं, तोवर तिचा नवरा गेला होता.

त्यानंतर ती आली ती उघड्या दंडांनी. कातडीवर फिकट वळ उरले होते. भांडली नाही. दवाखान्यासमोरच्या चहाटपरीवर जाऊन बसली, आणि मग दर बाजाराच्या दिवशी बसू लागली. कार्ड घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला अडवायची. "ओ दादा, अंगठा देल्यावर इचारजा, माहं काय काय कापलं म्हनून!" लोक हसायचे, आणि आत येऊन खरंच विचारायचे. काही तर बाहेरूनच परत फिरायचे.

डॉक्टरने कंपाउंडरबरोबर निरोप धाडला, याडीची तपासणी फुकट करून देतो.

"सांग त्याले," ती म्हणाली, "हात लय दुखते माहा. प्लास्टर काढाचं राह्यलं."

मला मात्र ती कधीच काही बोलली नाही. मी गेटबाहेर आलो की कप उचलून पाठ फिरवायची. निवृत्त होईपर्यंत ती पाठ पाहत घरी गेलो.

मागच्या उन्हाळ्यात ती वारली. टपरीचा बाक रिकामा झाला आणि दवाखान्यात पुन्हा गर्दी झाली. ती गर्दी मला बघवेना. गेल्या आठवड्यात विमावाल्यांकडे जाऊन मी माझ्या नावानिशी जबाब दिला: नजरचूक नव्हती. कोणी सांगितलं, कोणाकोणाच्या अंगावर काय लिहिलं, आठवलं ते सगळं सांगितलं. डॉक्टर बुडावा अशी माझी इच्छा आहे. त्याच्याबरोबर मीही बुडेन, त्याला हरकत नाही.

काल डॉक्टरचा माणूस पेढ्यांचा डबा घेऊन आला, जबाब मागे घ्या म्हणाला. मी तो परत केला नाही. गल्लीत उभं राहून वाटला, कोणी पाठवला आणि कशासाठी, हे प्रत्येकाला सांगत. शेवटचा पेढा तेवढा हातात उरला. ती असती तरी माझ्या हातून घेतला नसता.