चार्जरसकट वजन

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट हातात तोलून पाहिल्याशिवाय खरी मानलेली नाही. देवालाही त्यातून सूट नाही. दर वर्षी चित्रशाळेतून गणपती घरी आणायच्या वेळी ते मूर्ती दोन्ही हातांवर घेतात आणि क्षणभर डोळे मिटतात. बघणाऱ्याला वाटतं, नामस्मरण चाललंय. मग डोळे उघडून ते मूर्तिकाराला सांगतात, "गेल्या वर्षीपेक्षा पाव किलो कमी. माती वाचवलीत." माझी मुलगी जन्मली तेव्हा त्यांनी तिला उचललं आणि "दोन किलो नऊशे" असं जाहीर केलं. नर्सने काट्यावर ठेवून दोन आठशे साठ सांगितल्यावर त्यांनी मुलीकडे नव्हे, काट्याकडे संशयाने पाहिलं आणि विचारलं, "हा पडताळून घेतलाय काय कधी?" मासळी बाजारात ते खिशातून हुकाचा छोटा काटा काढतात आणि घेतलेली सुरमई तिथल्या तिथे लटकवतात. एकदा मासेवाली चिडून म्हणाली, "काय ओ दादा, मासा घेताय का सोनं?" दादा शांतपणे म्हणाले, "सोनं असतं तर एवढं बघितलं नसतं. ते काय खायचं नाय." माझी बायको, म्हणजे त्यांची मेहुणी, त्यांच्यासमोर खुर्चीवर बसताना आजही बिचकते. दादा तोंडाने काही बोलत नाहीत, पण खुर्ची करकरली की त्यांचे ओठ हलतात.

यात त्यांचा दोष नाही. जयगडच्या रस्त्यावर एका खासगी वजनकाट्यावर त्यांनी बावीस वर्षं काढली. बंदराकडे जाणारा-येणारा ट्रक लोखंडी पाट्यावर चढायचा, एकदा रिकामा, एकदा भरलेला. दादा वजाबाकी करायचे, पावती फाडायचे आणि ट्रक पुढे जायचा. बावीस वर्षांत त्यांच्या पावतीवर कुणी वाद घातला नाही. चिऱ्याचा ट्रक वळणावर गिअर बदलायचा त्या आवाजावरून ते टनाचा आकडा सांगत. मी स्वतः आकड्यांचा माणूस आहे. सरकारी कचेरीत अठ्ठावीस वर्षं तक्ते भरतोय, आणि शेवटची बेरीज जुळली नाही तर मला जेवण जात नाही. पण माझा आकडा कागदावरचा. दादांचा अंगातला.

मग काट्याच्या मालकाने तिथे कॅमेरा बसवला, वजन आपोआप नोंदवणारं यंत्र बसवलं, आणि एका शनिवारी दादांना चहा पाजून सांगितलं, "दादा, तुमच्याबद्दल तक्रार नाय. पण आता सगळं कॉम्प्युटरवर. ट्रकांची नोंद, महिन्याचा अहवाल, सगळं. लॅपटॉपवर काम शिका आणि या. मग बघू."

आपल्याकडे तोंडावर 'नाही' म्हणायची रीत नाही. स्थळ पसंत नसलं की 'बघू'. वर्गणी द्यायची नसली की 'बघू'. कचेरीत ज्या अर्जाला पुन्हा हात लावायचा नसतो, त्या अर्जावरही तोंडी शेरा हाच. रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही या शब्दाचा अर्थ कळतो. एकट्या दादांना तो कळला नाही, कारण जे दिसलं तेच लिहायचं आणि जे लिहिलं तेच खरं, हा त्यांचा धंदा. मालक बोलला म्हणजे पावती फाटली. त्याच संध्याकाळी ते माझ्या ओटीवर येऊन बसले. "साडभाऊ," ते म्हणाले, "एक लॅपटॉप बघा माझ्यासाठी. हलका आणि स्वस्त. शिकून घेतो. मग घेतायत ते मला परत."

मी स्पष्टवक्ता म्हणून नात्यात बदनाम आहे. लग्नात पंगतीला मीठ कमी पडलं तर यजमानाला ते सांगणारा मी. त्या दिवशी मात्र मी गप्प बसलो आणि लॅपटॉपांचा तक्ता करायला घेतला.

तक्ता चांगला झाला होता. वीस हजारांच्या आतबाहेरचे अकरा लॅपटॉप आणि चौदा रकाने: मेमरी किती, साठवण किती, बॅटरी किती तास, पडदा केवढा, दुरुस्ती रत्नागिरीत होते की कोल्हापूरला पाठवावी लागते. मी गुण देऊन क्रमही लावला होता. दादांनी तो कागद दोन मिनिटं मन लावून वाचला, तेरा रकाने अंगठ्याने झाकले आणि विचारलं, "वजन चार्जरसकट हाय का बिगर?" ते मी बघितलं नव्हतं. कंपन्याही ते सहजी सांगत नाहीत. दादांच्या लेखी माझा अख्खा तक्ता तिथेच बाद झाला.

दुकानात त्यांनी हुकाचा काटा आणि एक कापडी पिशवी नेली. पिशवीचं वजन घरूनच करून आणलं होतं, पंचेचाळीस ग्रॅम, ते वजा करायला. दुकानदार नवा होता.

"काका, बॉक्सवर लिहिलंय की, एक किलो शंभर."

"ते रिकाम्या ट्रकचं. चार्जर काय मागून चालत येणार?"

"चार्जर बाजूला असतो हो."

"मुलगी दाखवलीत, सासू लपवलीत," असं म्हणून दादांनी लॅपटॉप पिशवीत घातला, वर चार्जर घातला आणि हुकाला लटकवला. दुकानदार काउंटरवरून दोन्ही हात पुढे करून उभाच राहिला. बाजूला एक बाई मोबाइलचं कव्हर घ्यायला आली होती, ती कव्हर विसरून आकडा बघत राहिली. असे सहा लॅपटॉप लटकले. माझ्या तक्त्यातला पहिला नंबर चार्जरसकट दोन किलोला थोडा कमी भरला. दादांनी तो परत दिला. त्यांनी घेतला तो माझ्या यादीत नववा होता: पडदा वितीएवढा, मेमरी तुटपुंजी, साठवण त्याहून तुटपुंजी, पण चार्जरसकट एक किलो दोनशे नव्वद. मी वाद घातला. म्हटलं, "दादा, सातशे ग्रॅमसाठी तुम्ही निम्मी मेमरी सोडताय. हा हळू चालेल." ते म्हणाले, "चालूदे. मी कुठे धावतोय?"

वजनामागचं कारण मला अक्काने सांगितलं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने. दादांचा डावा खांदा पाच वर्षांपूर्वी निखळला होता आणि उजव्या हाताने एसटीचा दांडा धरावा लागतो. जयगडच्या गाडीत बसायला मिळेलच असं नाही, उतरून पुढे सव्वा किलोमीटर चालत. त्यांनी घरात एका पिशवीत दोन किलो तांदूळ भरून, डाव्या खांद्याला अडकवून, अंगणात तेवढ्याच येरझाऱ्या घातल्या होत्या. मग तांदूळ कमी करत करत जिथे खांदा दुखायचा थांबला तिथे पिशवी काट्याला लावली. एक किलो तीनशे. माझ्या चौदा रकान्यांत हा रकाना नव्हता.

शिकवणी दर रविवारी सकाळी, माझ्याकडे. लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की बायको आधण ठेवायची आणि चहा गाळून होईस्तो पडद्यावर चित्र यायचं. "डिझेल गाडी हाय," दादा समजूत घालायचे, "तापल्याशिवाय उचलत नाय." टाइप करायचे एका बोटाने, पण तेही आधी हवेत थांबवून, अक्षर सापडलं की वरून दाबून, पावतीवर शिक्का मारावा तसं. तक्त्यातल्या चौकटीला ते 'खण' म्हणत. मी कॉपी-पेस्ट शिकवायला गेलो तर ते खुर्चीत मागे सरकले. "एका ट्रकचं वजन दुसऱ्या ट्रकला कसं लावणार? जेलात जाऊ." कितीही समजावलं तरी त्यांनी ते शेवटपर्यंत वापरलं नाही, प्रत्येक आकडा हाताने घातला. बेरजेचं सूत्र शिकवल्यावर तीन महिने ते लॅपटॉपची बेरीज वहीत पुन्हा करून बघत होते. तीन महिने ती जुळली, तेव्हा म्हणाले, "माणूस बरा हाय." साठवण तर दुसऱ्याच महिन्यात भरली. कसलं तरी अपडेट आलं आणि यंत्राने जागा नाही म्हणून सांगितलं. दादांनी घाबरण्याऐवजी मला विचारलं, "माल कुठे उतरवायचा?"

त्या वीतभर यंत्रावर त्यांनी घरची कामंही काढली. विजेचं बिल भरलं, एसटीचं आरक्षण केलं, अक्काचा रक्ताचा अहवाल उघडून प्रत्येक आकड्यापुढची मर्यादा तिला वाचून दाखवली, कुवेतला असलेल्या शेजाऱ्याशी त्याच्या आईचं बोलणं करून दिलं. म्हातारीने पडद्यावर मुलाला बघून "बारीक झालास रे" म्हटलं, तेव्हा दादा मागून म्हणाले, "नाय गो चाची, दोनेक किलो वाढलाय." पण ही सगळी वाटेवरची कामं. मुख्य काम एकच. मालकाला दाखवायला त्यांनी एक नमुना तयार करायला घेतला होता: जुन्या वहीतल्या एका महिन्याच्या सगळ्या ट्रकांची नोंद, रिकामं, भरलेलं, निव्वळ, मालवार बेरजा, खाली महिन्याचा अहवाल. तीनशे बारा ओळी. एका बोटाने.

असं सात महिने चाललं. त्या सात महिन्यांत एकदा अक्काने मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. हळू आवाजात म्हणाली, "भावोजी, खरं सांगा. घेतील ना हो ह्यांना?"

मी म्हटलं, "बघू."

तिला अर्थ कळला. ती कढईकडे वळली. मालकाला मी मनातल्या मनात सात महिने शिव्या घातल्या, पण शब्द आम्हा दोघांचाही एकच निघाला. माणसाला 'शिका' म्हणणं फार सोपं असतं. शिकवणं त्याहून थोडं अवघड. तो शिकून दारात उभा राहतो तेव्हा खरी अडचण होते.

गेल्या महिन्यात दादा जयगडला गेले. इस्त्रीचा शर्ट, डाव्या खांद्याला लॅपटॉप. दुपारी परतले ते थेट माझ्याकडे. मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं, ट्रकची नोंद सांगावी तसं, आवाज वरखाली न करता. मालक भेटला. चहा दिला. म्हणाला, "दादा, आता तेपण लागत नाय ओ. यंत्र आपणच अहवाल काढतं, मला मोबाइलवर येतो. पण तुम्ही शिकलात, बरं केलंत." मग एक ट्रक पाट्यावर चढला. काट्याच्या केबिनमध्ये कुणी नव्हतं. आकडा आला, पावती आपोआप निघाली, ड्रायव्हरने खिडकीतून हात घालून ती ओढली. दादा म्हणाले, "त्यानं मला नमस्कार केला. ओळखीचा होता."

"आणि नमुना? दाखवलात?"

"उघडायलाच सांगितला नाय." त्यांनी लॅपटॉप पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवला. "तुम्ही वायच तपासा तेवढा. कुठे तरी चुकलो असेन मी."

मी म्हणालो, "दादा, त्यानं बघितलंच नाही तर चूक असण्याचा संबंध काय?" ते मान हलवत राहिले. बावीस वर्षं ज्या माणसाने पाहिलं की ट्रक परत पाठवला जातो तो फक्त वजन चुकल्यावर, त्याला हे पटत नव्हतं.

मी तपासला. कॅल्क्युलेटर घेऊन, जुनी वही शेजारी ठेवून, तीनशे बाराच्या तीनशे बारा ओळी. चूक नव्हती. खरं सांगायचं तर मला ती हवी होती. एखादी वजाबाकी, एखादा उलटा पडलेला आकडा सापडला असता तर मी त्यांना बोट ठेवून दाखवलं असतं, आणि त्यांना तेवढं तरी कारण मिळालं असतं. दुसऱ्यांदा तपासला. मग वाटलं, आपणच एक आकडा बदलून ठेवावा; कुणाला कळणार आहे? हात कीबोर्डपर्यंत गेला. अठ्ठावीस वर्षांत मी एकही आकडा बदललेला नाही. हात मागे घेतला आणि फोन लावला.

"दादा, एकही चूक नाही."

"नीट बघितलंत?"

"दोनदा."

"मी येतो रविवारी. दोघं मिळून बघू."

तेव्हापासून ते दर रविवारी येतात. बायको आधण ठेवते. दादा वहीतून वाचतात, मी पडद्यावर बोट ठेवतो, "जुळलं" म्हणतो, आणि ते पुढच्या ओळीकडे जातात. घाई दोघांनाही नाही. काल आम्ही एकशे नव्वदाव्या ओळीपर्यंत आलो. प्रत्येक 'जुळलं'ला ते किंचित थांबतात, माझ्या तोंडाकडे बघतात, कारण चूक निघाली तर ती दुरुस्त करता येते, आणि दुरुस्त करून पुन्हा जयगडला जाता येतं. अजून एकशे बावीस ओळी आहेत. मी सावकाश वाचतो.