माकड आबांच्या डोळ्यांत बघत होतं

मंडळी, मुरबाडच्या सायबर कॅफेत बसून लिहितोय.

माझे वडील, आबा, आमच्या भेंडीच्या शेताची राखण करतात. माकडं उतरायच्या आधीच त्यांना झाड हललेलं दिसायचं. माझी दीड वर्षांची मुलगीही दिवसभर त्यांच्याजवळच खेळते.

आज सकाळी शेतावर गेलो. आबा खोपीच्या सावलीत बसले होते, नजर समोर. बाजूला पोरगी भाकरी खात होती आणि तिला खेटून एक मोठं माकड बसलं होतं. ते भाकरीकडे नाही, आबांच्या डोळ्यांत बघत होतं. डोळे हलत नाहीत अशी खात्री झाल्यावर त्याने तिच्या हातातली भाकरी सावकाश काढून घेतली.

मी ओरडलो. तरी ते घाईने गेलं नाही.

"आबा, दिसलं नाय तुमाला?"

"काय रे? कोन नाय आलं."

आबांना कंपवात आहे. डॉक्टर म्हणाले होते, मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी झालं की डोळे चांगले असूनही लक्ष चटकन बाजूला वळत नाही. खोपीत शोधलं, तर ते डोपामिन भरून काढणाऱ्या चार दिवसांच्या गोळ्या पुडीत तशाच.

"गोळी खाल्ली का झोप येते. मंग राखण कोन करील?"

आबांची नजर वळत नाही, हे आम्हा घरच्यांच्या आधी त्या माकडाला कळलं होतं.

तुम्ही ज्यांच्या भरवशावर पोरं सोडून जाता, त्यांच्या डोळ्यांत शेवटचं कधी नीट बघितलंत?