मीठ-मोहऱ्या

तिन्हीसांजेला वहिनी माझ्या लहानग्या भाचीची, मुक्ताची, दृष्ट काढत होती. पोर जेवत नव्हती, झोपेत दचकत होती. निखाऱ्यावर मीठ-मोहऱ्या तडतडल्या, लाल मिरच्या जळल्या. पण ठसका काही उठला नाही.

"बघा वन्सं, केवढी कुणा मेल्याची नजर लागलीय!"

मुक्ता माझ्या कानाशी आली. तिचा श्वास तापातल्यासारखा ऊन होता. "आत्या, मोबाइलमधल्या त्या माणसाला खरंच मारलं का गं?"

मुलांवर पडणाऱ्या नजरेचे उतारे आपण पिढ्यानपिढ्या जपले. मुलांनी पाहू नये ते पाहिले, तर त्यांच्यावरून काय ओवाळून टाकायचे?

एवढ्यात वहिनीने ताट वाढले आणि तांब्याला टेकवून सवयीने मोबाइल उभा केला. "बघत बघत चार घास खा, राणी."

मुक्ताने डोळे घट्ट मिटून घेतले.