चालून जाणारा शब्द

कोल्हापुरात तहसील कचेरीबाहेर टाईपरायटर घेऊन बसणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. तेही मला नुसतं 'मास्तर' म्हणतात. अर्ज सांगता सांगता कुणी रडायला लागलं, की ते हात मांडीवर ठेवून थांबतात. रडणं संपल्यावरच टाईप सुरू.

"पावणं, पिटिशन म्हंजे भीक न्हाय," असं ते प्रत्येकाला ऐकवतात. शेजारी सुतळीनं बांधलेली डिक्शनरी असते. "मूळ शब्द लॅटिन हाय. अर्थ चालून जाणं, फौज जाती तसं. मागायचा अर्थ त्यात मागनं आला."

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि हे मला त्यांच्याकडून कळलं. घरी जाऊन पडताळलं, तर खरं निघालं.

परवा जवळच्या गावची एक म्हातारी आली. तिच्या शेताची वाट शेजाऱ्यानं अडवली होती.

"सायबाच्या पाया पडते, असं लिवा," ती म्हणाली.

"ते लिवायचं न्हाय, मावशी. वाट तुमची हाय का न्हाय?"

"हाय की. सासऱ्याच्या आधीपास्नं."

"मग तेवढंच लिवू."

अर्ज घेऊन ती वाकूनच पायऱ्यांकडे निघाली. ते उठून उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "मावशी, ताठ."

ती थांबली. तिनं पदर खोचला आणि ताठ मानेनं पायऱ्या चढली. ती आत गेल्यावरच ते खाली बसले.

"मी टाईप केला तो नुसता कागद, मास्तर," ते म्हणाले. "पिटिशन आत्ता आत गेलं."