गळालेल्या फुलांची सगुणाबाई

"धरलं ते आपलं, गळलं ते मातीचं."

हसनाबादच्या सगुणाबाईचं हे बोलणं साऱ्या शिवाराला पाठ होतं. कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर ती बायकांची मुकादम. संध्याकाळी मादीची कळी सोलायची, सकाळी तिच्यावर नराचं फूल फिरवायचं, देठाला खुणेचा लाल धागा बांधायचा. चार दिवसांनी फूल गळालेलं दिसलं की सगुणाबाई हे म्हणायची आणि पुढच्या झाडाकडं सरकायची.

सून बेबीनंदाचा तिसरा गर्भही अडीच महिन्यांत गेला, तेव्हाही ती हेच म्हणाली. तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण अठ्ठ्याण्णव सालच्या पोळ्यानंतर सून प्लॉटवर आली, तेव्हा सगुणाबाईनं साऱ्या बायकांदेखत तिच्या हातातला धागा काढून घेतला.

"फुलाला शिवू नको. तुझ्या हातचं बोंड धरायचं न्हाई."

"मुकादमीन बराबर बोलली गं," शेजारच्या ओळीतली गोजरबाई पदराआड हसली.

दुसऱ्या दिवशी बेबीनंदा माहेरी, धावड्याला निघून गेली.

बेबीनंदाचा नवरा वसंता आईशी बोलेनासा झाला. पंधरा दिवसांनी एवढंच म्हणाला, "जालन्याला चाल. बेबीचे रिपोर्ट आले. मी सांगितलेलं तू खरं धरणार न्हाईस."

नवीन जालन्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सावकाश सांगितलं. "आजी, गर्भ अर्धा आईचा, अर्धा बापाचा. म्हणजे आईच्या अंगाला तो अर्धा परकाच. अंगात राखणदार पेशी असतात, बाहेरच्या रोगाशी लढणाऱ्या. पण गर्भपिशवीतले राखणदार वेगळं वागतात. ते गर्भाला हाकलत नाहीत, उलट त्याला रुजायला, रक्त मिळायला वाट करून देतात."

"मंग सुनेच्या राखणदारांनी हाकललं का?"

"असेल, नसेलही. कधी गर्भातच खोट असते. तुमच्या सुनेचं कारण सापडलेलं नाही. आम्हीही अजून शिकतोय."

"अन् हाताचा गुण?"

"हाताचा काय संबंध, आजी?"

सगुणाबाईनं कनवटीचं धाग्याचं रीळ चाचपलं. वसंता खाली बघत होता. तिनं स्वतः बांधलेले किती धागे फुलांसकट मातीत पडले होते. तिचा हात कधी कुणी अडवला नव्हता.

येताना वसंता हसनाबादला उतरला, ती घरी गेलीच नाही. धावड्याला उतरली. बेबीनंदा ओट्यावर मूग पाखडत होती. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा सुपाशी बसली. सगुणाबाईनं कनवटीचं लाल धाग्याचं रीळ काढून सुपाशेजारी ठेवलं.

"चुकलं माझं. प्लॉटवर ये. धागा तू बांध."

"आत्याबाई, ते तुमचं बोलणं एकदा म्हणा की."

"धरलं ते आपलं..." पुढचं सगुणाबाईच्या तोंडून निघेना.

"तिन्ही माझेच व्हते," बेबीनंदा सूप हलवत म्हणाली. "गळाले तरी माझेच व्हते."

येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

सगुणाबाई उठली. तांब्यातलं पाणी तसंच राहिलं. पदर सावरत, मान खाली घालून ती एस्टीच्या थांब्याकडं चालू लागली. बेबीनंदा रीळ मुठीत धरून ओट्यावर उभी राहिली आणि सासूची पाठ वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.